पेजेचा रंग, राखेचा रंग

शनिवार, १९ ऑक्टोबर

जोझी, तू विसरणार हे मला ठाऊक आहे, म्हणून रोजचं रोज बोलून ठेवते. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात तुला आठवलं की बूट ट्रेलरमध्येच राहिले, आणि तू मावशीच्या सपाता घालून नवऱ्याशेजारी उभी राहिलीस. असल्या पोरीच्या आठवणीवर कोण विसंबेल? हिरवं बटण दाबून बोलायचं, फोन सगळं लिहून घेतो आणि वर तारीख घालतो, हे तूच शिकवलंस. बंद कसा करायचा ते सांगायला विसरलीस. त्यामुळे मध्येच किटली बोलायला लागली तर तिचंही वाच. मला अक्षर येत नाही, फोनला येतं. त्याला चहा लागत नाही, मला लागतो. आमचं जमेल.

तर आले बाई घरात राहायला. जन्म चाकांवर गेला आणि म्हातारपणी विटांच्या पोटात शिरले. पॅट्सीने, तुझ्या आजोबांच्या या धाकट्या भावाने, माझा ट्रेलर स्वतःच्या अंगणात नेऊन लावला आणि मला गाठोड्यासारखं इथे आणून ठेवलं. म्हणाला, वहिनी, तू वरच्या मजल्यावर झोपणार? कोंबडीसारखी? मी म्हटलं, कोंबडी अंडं तरी देते, तू काय देतोस? हसत हसत गेला. पण उंबरठ्याच्या आत पाय टाकला नाही त्याने, ते मी पाहिलं.

घर झकास आहे. नळ फिरवला की गरम पाणी. जिन्याचं माझ्या गुडघ्यांशी काही जुनं वैर दिसतं, पण होईल समेट. मी लेसचे पडदे लावले, कट-ग्लासची भांडी मांडली, चिनी मातीचे दोन्ही कुत्रे शेकोटीवरच्या फळीवर बसवले. शेजारच्या ॲग्नेसबाई गरम स्कोन, ते फुगीर गोड पाव, घेऊन आल्या. म्हणाल्या, बरं झालं मोंगनबाई, दिवा लागला. जूनपासून घर नुसतं आंधळं होतं.

कपाटं उघडी दिसली तशी त्यांनी विचारलं, तुमच्या लेकीची, नोनीची एक कपबशीसुद्धा नाही का हो ठेवलीत? मी सांगितलं, आम्हा फिरस्त्यांत नाही ठेवत. माणूस गेलं की त्याचा ट्रेलर जाळतात, अंथरूण जाळतात, कपबश्या फोडतात. गेलेल्याला मागे वळून पाहायला काही उरू नये. नाही तर तो वाटेत थांबतो, आणि थांबला की एकट्याने पुढे जात नाही, कुणाला तरी सोबत घेतो. ॲग्नेसबाई बराच वेळ चहा ढवळत बसल्या. मग म्हणाल्या, पण ती तर घरात गेली. मी म्हटलं, हो ना. घर काउन्सिलचं. जाळलं तर भाडं कोण भरेल?

हसल्या त्या. मीही.

माझं काम सोपं आहे. डिसेंबरात तू येशील तोवर घर धरून ठेवायचं, नाही तर ते दुसऱ्या कुणाला देतील आणि तुला बाळ घेऊन सासूच्या ट्रेलरात तिच्या कुत्र्यांत राहावं लागेल. आणि वरची मोठी खोली रंगवून ठेवायची. तुझ्या आईची खोली. तुला दिवस गेल्याचं कळल्यापासून ती तुझ्यासाठीच रिकामी करत होती.

आता अगदीच रिकामी आहे. भिंतीवर फक्त दोन चौकोन आहेत, मध्ये हातभर जागा सोडून. एक ओटच्या पेजेसारखा, दुसरा कालच्या शेकोटीतल्या राखेसारखा. तिने रंग ठरवायला लावून पाहिलेले. पुरुषांनी सगळं बाहेर काढून जाळलं, भिंत कशी काढणार? तेवढे राहिले.

कुठला घ्यायचा ते तिने तुला फोनवर सांगितलं होतं आणि तू विसरलीस. बूट विसरलीस ते ठीक गं, बये.

सोमवार, २१ ऑक्टोबर

पॅट्सी आला. आधी चर्चमधल्या तीर्थाची बाटली काढून जिन्यावर शिंपडलं, मग ब्रश काढले. तुझी आई गेली होती त्याच दुकानातून दोन्ही रंगांचे नवे छोटे डबे आणलेत. डब्यांवर मोठी नावं आहेत म्हणे, समुद्राचं काही, पहाटेचं काही. मी म्हटलं, नावं ठेव त्या दुकानात. ही पेज आणि ही राख.

खरं सांगू का, हे रंग कोणासाठी असतात तेच मला कळत नाही. आपण ट्रेलर रंगवायचो तो लाल, त्यावर सोनेरी वेल. लांबून दिसायचा. हे रंग म्हणजे कोणी काही बोलणार होतं आणि मग राहू दे म्हणालं. पॅट्सी म्हणतो, वहिनी, घरातल्या माणसांना असंच आवडतं, पुढे भाडेकरू बदलला तरी भिंत कोणाच्या डोळ्यावर येत नाही. म्हटलं, मग भिंत कशाला बांधतात?

पण त्याने दाखवलं तेव्हा फरक कळला. पेजेच्या पोटात थोडा लाल आहे, राखेच्या पोटात निळा. एकटा पाहिला तर दोन्ही पांढरेच वाटतात. जवळ ठेवले की भांडायला लागतात, म्हणून मध्ये जागा सोडायची. तुझ्या आईला त्यानेच शिकवलं असणार.

दुपारी न्हाणीघर घासताना पाण्याच्या टाकीच्या मागे काही तरी हाताला लागलं. पावाच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेला ब्रश, वर रबर लावलेलं. रंगाच्या दोन हातांच्या मध्ये चहा प्यायला उठताना रंगारी गुंडाळून ठेवतात ना, वाळू नये म्हणून, तसा. ती खाली किटली भरायला गेली होती, जोझी. किटली हातात असतानाच गेली. ब्रश वर वाट पाहत राहिला.

पिशवी सोडली. केस अजून मऊ होते. पेजेचा रंग ओला.

हे पॅट्सीला द्यायला हवं होतं. ते तिचं आहे, जळायला हवं. मी पुन्हा गुंडाळून ॲप्रनच्या खिशात ठेवलं. ब्रश तो ब्रश. आल्यावर सांगू नकोस त्याला.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

आज दिवसभर रंग पाहिले. ॲग्नेसबाई म्हणतात, रंग सगळ्या उजेडात पाहावा, नवरा सगळ्या हवामानात पाहावा. त्यांनी नवरा फक्त उन्हाळ्यात पाहिला होता म्हणे.

मी खोलीत खोकं उलटं टाकून बसले. सकाळी पेज गुलाबी होते, नुकत्या अंघोळ घातलेल्या बाळाच्या पाठीसारखी. राख तेव्हा गुमान असते. दुपारी ढग आले की पेज मळकी दिसते आणि राख स्वच्छ. दिवा लावल्यावर राख निळी पडते, कोणी मारल्यासारखी, आणि पेज मात्र भिंतीतून पुढे येते. जवळ येते असं वाटतं. डोळे म्हातारे, दुसरं काय.

सोबतीला ॲग्नेसबाईंचा बेदाण्यांचा केक होता. तुझी आई लहानपणी बेदाणे खायची नाही. एकेक वेचून बशीच्या कडेला लावायची, कुंपणासारखे. मी म्हणायचे, नोने, तुझ्या बशीत कोणाची शेळी शिरतेय? ती कुंपण पुरं करायची, मगच केक खायची. लग्न झालं, तू झालीस, तरी तेच. माझ्याकडे चहाला आली की जाताना बशीत कुंपण.

मी आज सगळे बेदाणे खाल्ले. तिच्या वाटचेही.

रविवार, २७ ऑक्टोबर

रात्री हिवाळ्यासाठी सगळ्यांची घड्याळं तासभर मागे गेली, संध्याकाळ चहाच्या आधीच येऊन बसली. प्रार्थनेहून परत येऊन वर गेले तर खिडकीशेजारी आणखी एक चौकोन. पेजेचा. बोट लावलं, ओला.

पॅट्सीला फोन केला, म्हटलं, माझ्या मागे येऊन काम करतोस, माणूस सुधारला म्हणायचं. तो म्हणाला, वहिनी, मी रविवारी स्वतःच्या बुटाची नाडी बांधत नाही. मग ॲग्नेसबाई? त्यांच्याकडे किल्ली नाही.

चौकोनाजवळ जाऊन ब्रशच्या रेघा पाहिल्या. आपण उजव्या हाताची माणसं रंगवतो तेव्हा रेघ एकीकडे झुकते. ही दुसरीकडे झुकलेली. जुन्या दोन चौकोनांतही तशीच.

तुझी आई डावखुरी होती. शाळेतल्या बाईंनी तिच्या हातावर पट्टी मारली होती त्यासाठी. मग मी त्या शाळेत गेले होते. ते पुन्हा कधी तरी सांगेन.

नवा डबा उघडलेला नाही. मी पाहिलं. ॲप्रनमधला ब्रश पिशवीतच होता. पिशवीवरचं रबर मात्र सैल.

बुधवार, ३० ऑक्टोबर

ठरवलं. राख.

काल पॅट्सीला कारण सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच चेष्टा करायचं विसरला. घर जाळता येत नाही. मग जळून झाल्यावर जो रंग उरला असता, तो तरी देऊ. भिंतींना, छताला, दाराच्या आतल्या बाजूला. तिने वळून पाहिलं तर वाटेल सगळं झालं, आता जावं. तो म्हणाला, वहिनी, हे बरोबर आहे. असं कोणी केलेलं ऐकलं नाही, पण बरोबर आहे. टोपी काढून कामाला लागला.

संध्याकाळपर्यंत एक हात झाला. मी दारात उभी होते. त्याने पहिला चौकोन झाकला तेव्हा ठीक होतं. दुसऱ्याच्या वेळी मी त्याला म्हटलं, जरा थांब. तो थांबला. तिच्या हाताच्या रेघा होत्या त्या, जोझी. जगात आता तिच्या हाताचं एवढंच होतं. मग मी म्हटलं, चल, कर. खाली आले आणि किटली उगाच भरून ठेवली.

आज सकाळी तो दुसरा हात द्यायला आला. पेजेचे दोन्ही चौकोन राखेतून वर आलेले. कागदातून लोणी पाझरावं तसे. पॅट्सी म्हणतो, ओल असेल, भिंतीला आधी अस्तर द्यायला हवं होतं.

मी म्हटलं, हो, ओलच असेल.

शनिवार, २ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. ॲग्नेसबाईंनी काल सांगितलं, त्यांच्यात आदल्या रात्री दार नुसतं लोटून ठेवतात, विस्तव राहू देतात, टेबलावर गेलेल्यांसाठी ताट मांडतात. आपलीच माणसं हो, त्या म्हणाल्या, वर्षातून एकदा चहा पिऊन जातात, त्यात भ्यायचं काय? मी म्हटलं, आम्ही त्यांना वाट सापडू नये म्हणून जाळतो आणि तुम्ही दिवा दाखवता. तुमची माणसं कशी परत जातात मग? त्या म्हणाल्या, जातात. त्यांना घर ठाऊक असतं, म्हणून जातात.

हे मला फार खरं वाटलं. नको होतं वाटायला.

काल झोपायला जाताना मी एक बशी ठेवली. केकचा तुकडा, कप, लोणी. दार लोटलेलं. एकदाच. तू कोणाला सांगू नकोस.

सकाळी बशीतला केक संपलेला.

कडेला बेदाणे. एका रांगेत. कुंपण पुरं.

मी खुर्चीत बसले ते ॲग्नेसबाईंनी खिडकी वाजवेपर्यंत उठलेच नाही. त्यांना म्हटलं, उंदीर झालेत. त्या म्हणाल्या, मांजर पाठवू का? म्हटलं, नको. हा उंदीर राहू दे.

भीती वाटली का, विचारशील. वाटली. पण आधी दुसरंच वाटलं. आधी मी बशी उचलून छातीशी धरली.

सोमवार, ४ नोव्हेंबर

पॅट्सीने खिडकीजवळच्या रेघा पाहिल्या. त्यालाही कळलं, लहानपणी त्यानेच तिला ब्रश धरायला शिकवलं होतं. तो जिना उतरला. बाहेर उभा राहून बोलावलं. म्हणाला, वहिनी, तू तिचं काय ठेवलंयस?

मी म्हटलं, काही नाही.

तो म्हणाला, माझ्याकडे बघून सांग. मी बघून सांगितलं. मग तो म्हणाला, मी भावाच्या शपथेवर सांगतो, जे असेल ते दे. तू तिला धरून ठेवलंयस. आपल्या माणसांत पोटुशी पोर आहे. ती इथे येऊन निजणार आहे. थांबलेली बाई कोणाला सोबत नेईल असं वाटतं तुला?

मी आत गेले आणि ब्रश आणून दिला. त्याने तो गल्लीच्या टोकाला डब्यात जाळला, टोपी छातीशी धरून. डोळे पुसले.

तो त्याचाच जुना ब्रश होता, मागच्या पडवीतला.

बुधवार, ६ नोव्हेंबर

तुझा फोन आला आणि काय म्हणालीस, तर आठवलं, आजी. मम्मी पेजेचा रंग म्हणाली होती. बाळाच्या अंगावर त्याचा उजेड छान पडेल म्हणाली होती.

आत्ता आठवतंय तुला. भिंतींना राख फासून झाल्यावर.

भांडी घासत होते. दुपार, बाहेर चक्क ऊन. वरून आवाज आला. ब्रश भिंतीवर वर जातो, खाली येतो, मग डब्याच्या काठावर निथळतो. टक. पुन्हा वर, खाली. घाई नाही. काम आवडणाऱ्या माणसाचा आवाज.

मी नळ सोडून ठेवला. ऐकू येऊ नये म्हणून. मग बंद केला. ऐकू यावं म्हणून.

वर गेले नाही. जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून म्हटलं, नोने, चहा झालाय.

आवाज थांबला.

खाली कोणी आलं नाही. मी दोन कप भरले होते.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

एक भिंत पुरी पेजेची झाली. सुंदर केलीय. कोपरे बघ, कुठे ओघळ नाही.

खिडकीखाली, खाली अगदी, पाळणा येईल एवढ्या उंचीवर, तिने हात दोनदा फिरवलाय. तिथे रंग जाड आहे. मऊ.

माझ्या डाव्या हाताची बोटं पेजेची झालीत. मी उजव्या हाताची. साबण लावला, टर्पेंटाइन लावलं. जात नाही. वास नाही, खरवडून निघत नाही. कातडीच तशी —

पॅट्सी दारातून म्हणाला, वहिनी, तूच रंगवतेयस. झोपेत. चल माझ्याकडे, ट्रेलर तापवून ठेवलाय. मी म्हटलं, असेन मीच. मग काय बिघडलं? कोणी तरी रंगवायलाच हवी ना.

तो रडला. एवढा मोठा माणूस. त्याला कळत नाही. मी केली असती तर रेघा वाकड्या आल्या असत्या.

शनिवार, ९ नोव्हेंबर

तू सहज सांगितलंस. हसत. आजी, माझ्या डाव्या हाताला काही तरी लागलंय, पीठ आहे की काय, निघतच नाही. आणि बाळ कालपासून शांत आहे, झोपाळू होणार माझ्यासारखं.

मी फोन ठेवला. नीट ठेवला की नाही कोण जाणे.

ब्रश काढला. शेकोटी पेटवली. टाकला. केस जळाले नाहीत. वितळून ओले झाले, आणखी रंग सुटला, विस्तवावर पेज सांडल्यासारखा. विस्तव विझला. ब्रश तसाच. गरमसुद्धा नाही.

चिमट्याने पुन्हा —

पुन्हा —

आधीच द्यायला हवा होता. पॅट्सीने मागितला तेव्हा तो कदाचित जळला असता. आता तिला माझ्या हाताची सवय झाली आहे.

जोझी, डॉक्टरकडे जा. आत्ता. बाळाचं ऐकून घे.

रविवार, १० नोव्हेंबर

बाळाचं बरं आहे. तुझा निरोप ऐकला, पुन्हा पुन्हा ऐकला. ठोके घोड्यासारखे म्हणालीस. आजोबांच्या घोड्यासारखे असू देत, सासरच्यांच्या नकोत.

बोटं मात्र अजून तशीच, म्हणालीस.

आता ऐक. इकडे यायचं नाही. डिसेंबरात नाही, कधीच नाही. सासूकडे राहा, कुत्र्यांत राहा. घर सोडून दे. पाळणा तिकडे लाव आणि मागची भिंत लाल कर. सोनेरी वेल काढ. लांबून दिसली पाहिजे.

मी तिच्याशी बोलले. वर जाऊन, भर दुपारी, दार लावून. म्हटलं, नोने, तुला एकटीला जायचं नाही ना, कळतंय मला. तू लहान असताना परसाकडेलासुद्धा मला दारात उभं करायचीस. मग पोरीला कशाला बोलावतेस? तिचं सगळं व्हायचंय. मी आहे की. माझं सगळं झालंय. चहासुद्धा झालाय.

काही ऐकू आलं नाही. मग मागे, खांद्याशी, तिने श्वास सोडला. रडून झाल्यावर सोडायची तसा.

मी ब्रश उचलला. डाव्या हाताने. दुसऱ्या भिंतीला सुरुवात केली. ती खालून, मी वरून. गुडघे दुखले नाहीत.

सोमवार, ११ नोव्हेंबर

तुझी बोटं सकाळी स्वच्छ झाली, म्हणालीस. आपोआप. माझ्या पोरी.

छत राहिलंय. आणि दाराची आतली बाजू. मग राखेचं कुठेच काही नाही.

मी भिंतीला हात टेकवला. हात दिसेना. दंड दिसतो, पुढे भिंत. काढला तेव्हा आला परत, जरा उशिरा.

ती माझ्याकडे पाहत नाही अजून. पाठमोरी काम करते. केस तसेच, मागे पिन लावलेले. मी हाक मारत नाही. वळेल ती. संपल्यावर.

पॅट्सी खाली दार वाजवतोय. वाजवू दे. त्याला सांग रागावले नाही मी. ट्रेलर जाळ म्हणावं. माझा. कुत्रे चिनी मातीचे, तेही फोड. काही ठेवू नका माझं. जोझी, विसरू नकोस, एवढं एक विसरू नकोस, काही म्हणजे काही ठेवू नका. हा फोनही —

भूक लागली तिला. दिवसभर काम केलंय. ॲग्नेसबाईंना सांग दारात ठेवायला, आत येऊ नका म्हणावं. केक. लोणी जास्त. आणि बेदाणे घालू नका या वेळी, ती एकेक वेचत बसते, आणि मग आम्हाला निघायला उ—